खांद्यांना पाठ झालेलं ओझं

मी एक जुना, हिरव्या प्लॅस्टिकचा पाण्याचा कॅन आहे. मित्रांनो, माझ्याकडे बघून तुम्हाला वाटेल, याच्याकडे काय सांगण्यासारखं असणार? कारखान्यातल्या साच्यातून आम्ही शेकड्यांनी बाहेर पडलो, तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं.

मला एका शिंप्याने विकत घेतलं. त्याच्या दुकानात मी इस्त्रीचं पाणी सांभाळत असे. शिंपी अबोल होता. माप घेताना गिऱ्हाइकापेक्षा टेपशीच जास्त बोलायचा. बायको गेल्यापासून त्याला एकच लेक उरली होती. ती दवाखान्यात नर्स होती आणि तिने एक वेड घेतलं होतं, वाळवंट पायी पार करायचं.

संध्याकाळी कापड बेतायच्या टेबलावर नकाशा पसरला जायचा. बापलेक टाचण्या टोचून मुक्काम ठरवायचे, शिवणाच्या टेपने अंतरं मोजायचे. वाटा दोन होत्या. एक लांबची, विहिरी धरून जाणारी. दुसरी सरळ, पण तिच्यात मोठा कोरडा पट्टा होता. तिथे सगळं पाणी पाठीवरून न्यायला लागणार होतं. कुठली वाट धरायची, हे ती सरावावरून ठरवणार होती.

सरावासाठी तिने मला निवडलं तेव्हा मला कोण आनंद झाला! शिंप्याने मला जाड कापडाची खोळ शिवली, रुंद पट्टे लावले. ती मला गळ्यापर्यंत भरायची आणि पाठीवर घेऊन टेकडी चढून यायची. परतली की तिच्या खांद्यांवर लाल वळ उठलेले असत. ते पाहून बापाचा जीव तुटायचा. जाऊ नकोस म्हणायची सोय नव्हती, कारण लेक ऐकणाऱ्यातली नव्हती.

मग त्याने गुपचूप एक गोष्ट सुरू केली. ती जिन्यात बसून बूट बांधायची, तेवढ्यात तो माझं झाकण उघडून थोडं पाणी मोरीत ओतायचा. पुढे पुढे थोड्याचं बरंच झालं. खोळीमुळे तिला काही दिसत नसे. एकदा तिने विचारलं, "बाबा, पाणी फार हिंदकळतंय. मी कमी भरलं का?"

"भरलेला कॅनही हिंदकळतो गं," तो म्हणाला.

वळ नाहीसे झाले. अंगात ताकद आली, असं तिला वाटलं. एका संध्याकाळी तिने लांबच्या वाटेवरच्या टाचण्या काढून सरळ वाटेवर टोचल्या. सांगायची वेळ तीच होती. शिंप्याने तोंड उघडलंही, पण लेकीचा फुललेला चेहरा बघून शब्द गिळला. तिकडे कॅन भरलेलाच असेल, मग काय बिघडणार, अशी त्याने मनाची समजूत घातली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण कॅनला कुठलं तोंड?

वाळवंटात तिच्याबरोबर दवाखान्यातली एक मैत्रीण होती. कोरड्या पट्ट्याआधीच्या शेवटच्या विहिरीवर लेकीने मला काठोकाठ भरलं, पाठीवर घेतलं आणि ती वाकलीच. तिने मला खाली ठेवलं. मग झाकण काढून तिने मला तिरपं केलं. वाळू माझं पाणी पीत राहिली. मित्रांनो, असं ऊन आणि असं असहायपण मी कधीच अनुभवलं नव्हतं.

पट्टा संपायच्या कितीतरी आधी मी रिकामा झालो. मैत्रिणीने स्वतःचं पाणी वाटून दिलं, तेही संपलं. लेकीला चालवेना, तेव्हा तिला खडकाच्या सावलीत ठेवून मैत्रीण मदत आणायला गेली. मी लेकीच्या उशाला होतो. माणसं आली, पण उशीर झाला होता.

मैत्रिणीने मला दुकानात आणून टेबलावर ठेवलं. शिंप्याने खाली मान घालून एवढंच विचारलं, "कॅन भरलेला होता ना?"

"होता, काका. तिनेच थोडं पाणी ओतून दिलं. म्हणाली, घरी मी इतका गच्च भरत नसेन. सरावात झेपायचं तेवढंच ओझं घेते, माझ्या खांद्यांना ते पाठ आहे."

मैत्रीण निघून गेल्यावर शिंप्याने माझ्या खोळीवर डोकं टेकलं.

आता मी इस्त्रीच्या कामाला नाही. तो रोज सकाळी मला काठोकाठ भरतो, पट्ट्यांत हात घालून पाठीवर घेतो आणि दुकानात उभा राहतो. थेंबही सांडू देत नाही. त्याच्या म्हाताऱ्या खांद्यांवर लाल वळ उठले आहेत.

मित्रांनो, माझी निगा नाही राखलीत तरी चालेल. पण ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याचं ओझं हलकं करायचं असेल, तर त्याला सांगून करा.