बेलभंडार आणि मीटरचं चाक

आमच्या घरात लाईट नव्हती, आणि लाईट चोरल्याचा आळ मात्र आमच्यावरच आला.

दुष्काळ पडला त्याच्या आदल्या साली आमची वाटणी झाली. राहुरीपासून कोसभर आमची वस्ती. थोरले दीर भिमाजी आणि आमचे गोरक्षनाथ, दोघं सख्खे भाऊ. लांबलचक घर मधोमध तोडलं. पलीकडे भाऊजी आणि त्यांची बायको मुक्ताबाई, म्हणजे माझी थोरली जाऊ. तिला मी आक्का म्हणायचे. अलीकडे आम्ही दोघं आणि आमची लहानगी विजू. देव थोरल्यांकडे गेले, दुभती म्हैस थोरल्यांकडे गेली, गोठाही त्यांच्याच वाट्याला गेला. मीटर त्यांच्या ओसरीवर, म्हणून लाईटसुद्धा तिकडेच राहिली. आम्हाला आलं वरचं मुरमाड रान, भाकड गाय आणि रॉकेलचा कंदील. मी कुरकुर केली नाही असं म्हणणार नाही. रोज केली, पण ती ह्यांच्यापाशी. भाऊजींसमोर मी डोईवरचा पदर सावरून गप उभी राहायचे, थेट बोलायचीही रीत नव्हती.

थोरल्यांच्या घरात तीन दिवे, गोठ्यात एक आणि एक रेडिओ. बिल यायचं सात-आठ रुपये. पोळ्यानंतरचं बिल आलं ते सदतीस रुपयांचं. भाऊजींनी आधी ते शेजारच्या वस्तीचं असेल म्हणून परत धाडलं. मग सायकल काढून राहुरीला लाईटच्या हापिसात गेले. तिथल्या माणसानं सांगितलं, मीटर ठणठणीत आहे, तुम्हीच जाळताय. भाऊजी परत आले ते तोंड पाडून.

मग काटकसर सुरू झाली. रेडिओ फक्त बाजारभावापुरता. चाळीसचे बल्ब काढून पंचविसाचे लावले. आक्का दिवस मावळायच्या आत भाकरी थापून मोकळी व्हायला लागली. पाहुणा बसला असेल तर तो उठेपर्यंत दिवा, तो उंबऱ्याबाहेर गेला की खटकन बंद. बिचारा अंगणात ठेचकाळला तरी चालेल. एवढं करून पुढचं बिल आलं, ते आणखी मोठं.

त्या दिवशी भाऊजींनी घरातली सगळी बटणं बंद केली आणि स्टूल घेऊन मीटरसमोर बसले. मीटरच्या काचेआड एक चाक असतं, त्याच्या कडेला लाल खूण. दिवा लागला की चाक फिरतं, विझला की थांबतं, हे त्यांना वायरमननं शिकवलेलं. सगळं बंद होतं आणि चाक फिरत होतं. हळू, पण फिरत होतं. भाऊजींनी आक्काला हाक मारली, आक्कानं भावकीतल्या गहिनीनाथ तात्यांना. तिघांनी लाल खूण जाताना पाहिली, येताना पाहिली. घरात काही चालू नाही आणि चाक फिरतंय, म्हणजे कुणीतरी दुसरं पितंय. मग तिघांनी माना वळवल्या त्या आमच्या दाराकडे.

त्यांचंही मला कळतं. गोठ्याची भिंत म्हणजेच आमच्या चुलीमागची भिंत. गोठ्यातल्या दिव्याची वायर त्याच भिंतीवरून गेलेली. आणि ती वायर वाटणीआधी ओढली कुणी, तर आमच्या ह्यांनीच. वायरमनचे पैसे वाचावेत म्हणून भाऊजींनी सामान आणून दिलं आणि ह्यांनी शिडीवर चढून काम केलं होतं. म्हणजे वायर कुठून जाते ते ह्यांना ठाऊक, आणि भिंतीला भोक पाडायला आमच्याकडं पहारही होती. त्यात मी पाथर्डीकडची. आमच्या मुलखातली माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला येतात, म्हणून इकडच्या बागायतदारांना आम्ही सगळेच उचलेगिरी करणारे वाटतो. माझा बाप शाळेत शिपाई होता आणि मी सातवी शिकलेय, पण ते कोण विचारतो?

दुसऱ्या दिवसापासून आक्काचं आमच्याकडं येणं वाढलं. कधी विरजण, कधी चिमूटभर हिंग. हात वाटीकडं आणि डोळे आढ्याकडं. एकदा कंदील उचलून तिनं काच निरखली.

"काच लई चकचकीत ठिवतीस गं, लंके. लावतीस का न्हाई कंदील?"

"रोज पुसते, आक्का."

"व्हय का. आमच्या येळंला तर लई काजळी धरायची."

अशी बोलली आणि हिंग न घेताच गेली. मला इतका संताप आला की त्या दिवशी मी काच पुसलीच नाही. मग वाटलं, आता काजळी दिसली तर म्हणेल, मुद्दाम धरवली.

त्यातच म्हैस बिथरली. वाटणीआधी मी धार काढायचे तेव्हा कासेखाली पोर बसलं तरी हलायची नाही. आता ती भिंतीकडं जायलाच तयार नसायची. भाऊजी साखळीनं भिंतीतल्या लोखंडी कडीला बांधायचे, तर मान ताणून उलटी ओढायची, धारेला लाथ मारायची. दूध निम्म्यावर आलं. आक्का अंगणात उभी राहून कुणाचं नाव न घेता बोलायची, "लाईट पिऊन पोट भरंना, आता म्हशीवर करनी केलीया कुनीतरी." कुणीतरी म्हणताना तोंड आमच्याकडं.

मी भांडले असते, कडकडून भांडले असते. पण एक गोष्ट माझ्या पोटात होती.

ह्यांच्या ट्रंकेत धोतराखाली मला वायरचा तुकडा आणि काळ्या चिकटपट्टीचं भेंडोळं सापडलं होतं. पट्टी अख्खी, न वापरलेली. ज्याच्या घरात लाईटच नाही त्याला ही पट्टी कशाला? ह्यांना दिव्याचं वेड होतं. एकत्र असताना बल्बखाली बसून जुना पेपर पुन्हा पुन्हा वाचायचे. वाटणीनंतर संध्याकाळी नुसते बसायचे, भिंतीकडं बघत. भावानं एवढा आळ घेतला तरी ह्यांचा आवाज चढला नव्हता, "दादाचा राग उतरंल," एवढंच म्हणायचे. खऱ्या माणसाला राग येतो, असं मला वाटायचं. हे रानात गेले की मी दार लावून भिंत चाचपायचे. एक उंदराचं बीळ सापडलं, त्यात काडी घालून पाहिली. मग कडब्यामागं पाहिलं. भोक नव्हतं. पण नाही म्हणून माझी खात्री झाली असंही नाही. सापडत नाही असं लपवलं असेल, एवढंच मनात आलं.

विचारलं मात्र नाही. विचारलं असतं तर त्यांनी काहीतरी सांगितलं असतं, आणि ते खरं की खोटं हा आणखी एक घोर लागला असता.

शेवटी तात्यांनी तोड काढली. रविवारी सकाळी देवासमोर बेलभंडार उचलायचा. खंडोबाचा बेल आणि हळदीचा भंडारा हातात घेऊन माणूस जे बोलेल ते खरं धरायचं, आणि खोटं बोलला तर ते लेकराबाळांवर उतरतं. आमच्याकडं यावर कुणी हसत नाही, मीही हसत नाही. हे लगेच कबूल झाले. पण आक्का म्हणाली, "त्यानं न्हाई, हिनं उचलायचा. पुरुषमानूस भावाच्या भिडंनं काईबी उचलंल. हिला लेकरू हाय, ही खोटं बोलायची न्हाई."

आक्का हुशार होती. माझ्यावर चोरीचा आळ घेणारी तीच आणि मी लेकरावरून खोटं बोलणार नाही हे ओळखणारीही तीच.

रविवारी देव ओसरीवर मांडायचे म्हणून आक्कानं पहाटेच घर सारवलं आणि गोठ्याची भिंतसुद्धा लिंपून काढली. तिला भिंतींचा नाद होता. दर आठ दिवसांनी शेणामातीचा ओला हात फिरायचाच. ओसरीवर तात्या, भाऊजी, हे आणि आक्का. पाटावर देवांचे टाक, ताटात बेल आणि भंडारा. तात्यांनी शब्द सांगितले.

"म्हन, तुमच्या लाईटीत आमच्या घरातल्या कुनाचा हात न्हाई."

मी ताटाकडं पाहिलं. पिवळ्या भंडाऱ्यात मला ते काळं भेंडोळंच दिसायला लागलं. माझा हात न्हाई एवढं मी विजूच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं असतं. पण घरातल्या कुणाचा? माझा हात पदराखालून निघेना. सगळे बघत होते. हेही बघत होते.

"बघा," आक्का हळूच म्हणाली.

तेवढ्यात गोठ्यात म्हैस ओरडली. खूर आपटल्याचा आवाज आला आणि विजूचं रडणं. पोरगी जुन्या सवयीनं म्हशीला गोंजारायला गेली होती. मी धावले. म्हैस मागं ओढत होती, साखळी ताणलेली, आणि पोर पायांशी. मी पोरीला ढकलून बाजूला केलं आणि म्हैस सोडायला कडीपाशी साखळीला हात घातला. अनवाणी पाय ओल्या सारवणात. हातातून खांद्यापर्यंत असा काही हिसका बसला की मी मागं जाऊन गव्हाणीवर आदळले.

मागून सगळे आले. तात्यांनी हात जोडले. आक्का म्हणाली, "ताट फुडं असताना गप बसली. देवानं जागेवर दाखवलं."

मला रडू यायचं सोडून राग आला. "मंग तुमी धरा साखळी, आक्का. तुमी तर खऱ्या हायेत."

ती खरंच पुढं झाली. सारवलेल्या ओल्या जमिनीवर, अनवाणी. भाऊजी रोज साखळी बांधायचे ते पायात जाड वहाणा घालून. तिला हात लावायची वेळ कधी आलीच नव्हती. एक क्षण मला वाटलं, धरू दे. खरंच वाटलं. इतक्या दिवसांचं सगळं त्या एका हिसक्यात फिटलं असतं. पण हात कडीजवळ गेला तशी मला त्या भिंतीतून गेलेली लाईटची वायर आठवली, आणि मी तिला दंड धरून मागं ओढलं. दोघी शेणात पडलो.

आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी भाऊजींशी थेट बोलले. "भाऊजी, मीटरचं मोठं बटन बंद करा. आधी ते करा, मग देवाचं बघू."

का कुणास ठाऊक, ते तडक गेले. बटण खटकन पडलं. म्हैस उभी राहिली. नुसती उभी राहिली, मान खाली घालून शेपटी हलवायला लागली. मी साखळीला बोट लावलं. काही नाही. पुन्हा धरली. काही नाही.

"चालू करू का?" भाऊजींनी ओसरीवरून विचारलं.

"नगं," हे म्हणाले.

त्या सकाळी ह्यांचा तो पहिला शब्द. कोपऱ्यातला विळा घेऊन ते भिंतीपाशी गेले आणि कडीच्या वर हातभर जागा खरवडायला लागले. त्यांना जागा शोधावी लागली नाही. शेणामातीचे थर निघत गेले, एकावर एक, सगळे आक्काच्या हातचे. भिंतीवर काळी वायर बरी दिसत नाही म्हणून वाटणीनंतर तिनं ती लिंपून टाकली होती आणि दर आठवड्याला वरून ओलं करत होती. आत वायरीचा जोड निघाला, बटणाच्या आधीचा, म्हणजे दिवा बंद असला तरी त्यात लाईट असायचीच. जोडावर चिंधी गुंडाळलेली, भिजून लगदा झालेली. तिचा काठ मी ओळखला, माझ्याच जुन्या लुगड्याचा होता. त्या ओल्या मातीतून लाईट कडीत उतरत होती, कडीतून साखळीत, म्हशीत आणि जमिनीत. म्हैस आणि भिंत मिळून रात्रंदिवस लाईट पीत होत्या.

"पट्टी आनून दिल्ती की मी तुला," भाऊजी म्हणाले. "काळी, चिकट. तिचं काय केलंस?"

ह्यांनी विळा खाली ठेवला.

"ट्रंकंत हाय," मी म्हणाले. "अख्खी."

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग खाली बघत म्हणाले, "महाग वस्तू. वाटलं, चिंधीनं भागतंय, पट्टी सायकलीला कामाला यील."

जोड ह्यांचा, लिंपण आक्काचं. आक्का शेणातून उठली, हात धुऊन आली, आणि विजूच्या कपाळाला तिनं ताटातला भंडारा लावला. माझ्याकडं बघितलं नाही. भाऊजींनी मात्र हिशेब सोडला नाही. बिलातलं निम्मं आम्ही भरायचं ठरलं. भरलं आम्ही, कोंबड्या विकून.

संध्याकाळी मी चुलीपुढं भाकरी करत होते. हे कंदिलाजवळ बसले होते, हातात ती पट्टी, उगाच उलगडत आणि पुन्हा गुंडाळत.

"ताट फुडं आलं तवा तुजा हात उठला न्हाई," ते म्हणाले. "मी बघत हुतो."

मी तव्यावरची भाकरी उलटली. पोटात ठेवायचा कंटाळा आला होता.

"न्हाई उठला," मी म्हणाले. "उठला असता तर खोटा पडला असता."

ते जेवले, ताट धुतलं, आणि पट्टी घेऊन पलीकडं जोड नीट करायला गेले. भिंतीपलीकडून त्यांचा आणि भाऊजींचा आवाज येत होता. मी विजूला मांडीवर घेतलं आणि तिच्या कपाळावरचा भंडारा पदरानं पुसून टाकला. मग वाटलं पुसायला नको होता, म्हणून पदराला लागलेला पुन्हा तिच्या कपाळाला लावला.