मादी बदलण्याचा नियम

संशोधन संस्थेच्या प्राणिगृहात तिला सगळे उंदीरमावशी म्हणत आणि तिला त्याचं काही वाटत नसे. चोवीस वर्षं ती पांढरे उंदीर सांभाळत होती. जोड्या लावायच्या, पिंजऱ्याच्या कार्डावर तारीख टाकायची, पिल्लं झाली की मोजायची. भिंतीवर नियमांचा तक्ता होता, त्यातला चौथा नियम असा: दोन महिन्यांत पिल्लं नाहीत, तर मादी बदला. नर वंशाचा म्हणून मोलाचा. माद्या काय, पलीकडच्या रॅकवर पन्नास.

हा नियम तिने एकदा घरी नेला.

तेव्हा धाकट्या भावाच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि पाळणा काही हलत नव्हता. एका दुपारी आई भांडी पुसता पुसता, हवापाण्याचं बोलावं तशी म्हणाली, "अगं, तुझ्या त्या उंदरांना पिल्लं नाही झाली तर काय करता गं तुम्ही?"

"मादी बदलतो," ती म्हणाली.

प्रश्न कुणासाठी होता हे न कळायला ती काही कुक्कुलं बाळ नव्हती. शेजारच्या खोलीत वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती, हेही तिला ठाऊक होतं. पण शब्द निघून गेला आणि आईने तो वरच्या वर झेलला. मग जो भेटेल त्याला, "आमची ताई शास्त्रातली आहे, ती काय उगाच बोलेल?" भाऊ धडधाकट, भरघोस मिशांचा, खणखणीत आवाजाचा. त्याला तपासून घे म्हणणार कोण? वर्षाच्या आत वहिनी माहेरी गेली आणि कागदोपत्रीही मोकळी झाली. उंदरांना सासू नसते, नणंद नसते, एवढं त्यांचं नशीब.

त्यानंतर आठ वर्षांनी प्राणिगृहात एक नवा वंश आला. त्यातल्या एका नरासाठी तिने ओळीने नऊ माद्या बदलल्या. नर तगडा, माद्यांशी रमणारा, पण कार्ड कोरंच. शेवटी संशोधन करणारी डॉक्टरीणबाई, वयाने तिच्या भाचीएवढी, कार्ड हातात घेऊन म्हणाली, "मावशी, नऊ जणींना घरी पाठवलंत. नवऱ्या मुलाकडे कुणी बघितलं का?"

बघितलं तेव्हा सगळं उघड झालं. अंडकोषाचा पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला होता. कापलेल्या नळ्यांची गोल तोंडं दिसत होती. काठाला बीजपेशी दाटीने उभ्या. त्यांनी आत सरकत, आपलं गुणसूत्रांचं भांडवल निम्मं करत, शेवटी शेपटीवाले शुक्राणू व्हायचं असतं. इथे त्या वाटणीच्या वेळीच मरत होत्या. नळीचा मध्य रिकामा.

"एक जीन बिघडलाय," बाई म्हणाली. "एक्स गुणसूत्रावरचा. नराला एक्स एकच, तोही आईकडून आलेला. आईकडे दोन असतात, म्हणून तिचं निभून जातं. मुलाचं नाही निभत."

बाद केलेल्या माद्यांपैकी दोघींना तिने दुसऱ्या नराकडे टाकलं होतं. एकीला आठ पिल्लं झाली, दुसरीला अकरा.

तिने तक्त्यावरचा चौथा नियम खोडून स्वतःच्या अक्षरात लिहिलं: आधी नर तपासा. त्या संध्याकाळी वहिनीकडे जावं असं तिच्या मनात आलं होतं. पण उंदीर तो उंदीर, माणूस तो माणूस, असं म्हणून ती घरी गेली, आणि त्याला सहा वर्षं झाली.

तीन आठवड्यांपूर्वी भावाचा रिपोर्ट आला. त्याची दुसरी बायको बँकेतली, सडेतोड. तिने लग्नाच्या तिसऱ्या वर्षीच सांगितलं होतं, "आधी तुम्ही तपासून घ्या, मग माझ्याकडे बोट दाखवा." भावाला रिपोर्ट समजेना, म्हणून तो ताईकडे घेऊन आला. बीजपेशींची वाढ अर्ध्यावर थांबलेली. बिघाड एक्सवरच्या जीनमध्ये. म्हणजे आईकडून. भाऊ खुर्चीत बसून तिच्या तोंडाकडे बघत होता आणि तिला मात्र कपड्यांच्या घड्या दिसत होत्या.

आज ती निघाली. वहिनीला खरं सांगायचं, ते अर्धं की सगळं, एवढंच ठरायचं होतं. बसमध्ये तिने वाक्य पाठ केलं: दोष तुझ्यात नव्हता, आम्हाला आत्ताच कळलं. 'आत्ताच' हा शब्द तिने दोनदा घोळवला.

वहिनी पडदे शिवण्याच्या कारखान्यात होती. लांबलचक टेबल, त्यावर राखाडी कापडाचा तागा, तोंडात चार टाचण्या. चौदा वर्षांत केस पिकले होते, हात तसेच चपळ.

"वहिनी," तिने हाक मारली.

वहिनीने एकेक टाचणी काढून उशीत खुपसली. "वहिनी कुणाची आता? बसा ताई. पडदा हवाय की आणखी कुणाला बदलायचंय?"

ती बसली नाही. उभ्यानेच तिने पाठ केलेलं वाक्य म्हटलं, रिपोर्टचं सांगितलं, जीनचं सांगितलं. वहिनी कापडाची कड दुमडत ऐकत होती. दुमडणं थांबलं नाही, पण कड वाकडी जाऊ लागली.

"म्हणजे सासूबाईंकडून आलं."

"हो. त्यांना कळणारही नव्हतं."

"त्यांना सांगितलंत?"

"नाही अजून."

"मला सांगायला मात्र आलात." वहिनीने कड उलगडली. "इथे मालाची कोठी सांभाळणारा एक होता, त्याने मला लग्नाचं विचारलं होतं. पाच वर्षं झाली. बायको गेलेली, मूल नाही. मला फार आवडायचा हो तो. मी म्हटलं, बाबा रे, मी वांझ आहे, तुला पोरं हवीत, दुसरी बघ. त्याला आता दोन मुली आहेत. कधीमधी येतात इथे, रिकामी रिळं मागायला."

"वहिनी…"

"गेल्या वर्षी माझी पाळी गेली." तिने डोळे वर केले. "कधी कळलं तुम्हाला?"

'आत्ताच' हा शब्द जिभेवर तयार होता. खोटंही नव्हतं ते, रिपोर्ट तीन आठवड्यांचाच होता. उंदीरमावशीने टेबलाची कड धरली.

"त्याचा रिपोर्ट आत्ता. पण असं नरामुळे होतं, नर चांगला दणकट दिसत असतानाही होतं, हे सहा वर्षांपूर्वी कळलं. उंदरांमध्ये. त्या दिवशी तू आठवली होतीस मला. मी आले नाही."

"सहा."

"हो."

"पाचाच्या आधी सहा येतात, ताई."

पलीकडे कुणीतरी वाफेची इस्त्री फिरवत होतं. वहिनीने ऑर्डरच्या वहीतून एक पान फाडलं, पालथं केलं आणि पेन्सिल पुढे सरकवली.

"लिहून द्या."

"काय लिहू?"

"जे आत्ता बोललात ते. उंदरांच्या कार्डावर लिहिता तसं, नीट. माझ्यात दोष नव्हता असं. आणि ते सहा वर्षांचंही."

तिने लिहिलं. चोवीस वर्षं कार्डं लिहिणारा हात, पण अक्षर ओळ सोडून खाली उतरत गेलं. खाली सही केली, तारीख घातली. वहिनीने कागद डोळ्यांजवळ नेऊन दोनदा वाचला.

"कुणाला दाखवणार आहेस?" तिने भीत भीत विचारलं. आईचं नाव येईल असं तिला वाटलं होतं. आलं असतं तर बरं झालं असतं.

"बाबांना दाखवला असता," वहिनी म्हणाली. "रोज जेवताना म्हणायचे, आमच्या पोरीत काय कमी होतं ते एकदा कळू दे. शेवटपर्यंत हेच. चार वर्षं झाली त्यांना जाऊन."

तिने कागदाची घडी घातली, कडेला कड जुळवून, आणि ती हातातच धरून बसली, ठेवायची कुठे ते न सुचून.