मूठ सोडा

"भंगार!" साहेब म्हणाले आणि त्यांनी यंत्राला बूट हाणला. साडेतीन महिन्यांची चाचणी त्या एका लाथेत निकालात निघाली.

राखबाई प्रयोगशाळेच्या दारात उभी होती. कोळशाचा नमुना भट्टीत जाळायचा आणि मागे किती राख उरली ते तोलायचं, हे तिचं काम; राख जितकी कमी, तितका कोळसा चोख. म्हणून ते नाव. कोळशातली माती काढणारं हे यंत्र भंगारात गेलं की मातकट कोळसाभुकटी तळ्यातच ओतत राहणार. तळं तिच्या परसाला लागून. उन्हाळ्यात ते वाळलं की काळी धूळ उडायची आणि सासूबाई काळं थुंकायच्या. साहेब राहायचे लांब, टेकडीवर. तिथून सगळंच स्वच्छ दिसतं.

"साहेब, यंत्र चांगलं आहे. तुम्ही ते धुताय चुकीचं."

"बाई, तुम्ही राख तोला."

"तेच करतेय! यंत्रातून निघालेल्या नमुन्यांत, सकाळच्या पहिल्या बाटलीत राख शंभरात अकरा. तिसरीपासून चोवीस. रोज. तुम्ही माझी वही कधी उघडलीत?"

यंत्र म्हणजे मोठ्या चुंबकाच्या पोटात बसवलेला पोलादी तारांचा काथ्या, भांडी घासायला असतो तसा. पाण्यात कालवलेली भुकटी त्यातून सोडायची. लोखंडाचा अंश असलेली माती काथ्याला धरून राहते, कोळसा पुढे जातो. मग काथ्या धुवायचा. पण वेळ वाया जातो म्हणून पाळी सुटेपर्यंत चुंबकाची वीज काढायची नाही, असा साहेबांचा हुकूम होता.

"सकाळी आधी पाणी सोडतात, मग वीज. म्हणून पहिली बाटली चांगली," राखबाई म्हणाली. "पुढे दिवसभर मूठ आवळून हात धुताय. मळ निघेल कसा?"

यंत्र चालवणाऱ्या फिटरमामांनी चुंबकाच्या विजेच्या खटक्यावर हात ठेवला.

"मामा, खबरदार!"

"भंगारच ना साहेब? मग भंगाराला काय होतंय?"

खटका खाली आला. पाणी सोडलं, तसा पाइप खोकला आणि तपकिरी चिखलाची चूळ थेट साहेबांच्या बुटांवर पडली. सगळी पाळी फिदीफिदी हसली.

मग दर दहा मिनिटांनी वीज काढून काथ्या धुतला. सहा बाटल्या भरल्या. नमुने सुकवून भट्टीत घातले. संध्याकाळी तराजूपाशी दाटी झाली. अकरा. अकरा. साडेदहा. सहावीसुद्धा अकरा!

"मी म्हणतच होतो, यंत्रात दम आहे," साहेब घसा खाकरून म्हणाले.

"तुम्ही भंगार म्हणत होता," मामा म्हणाले.

राखबाईने वही पुढे केली. "यंत्र चालणार, भुकटी तळ्यात जाणार नाही. लिहा, आणि सही करा. इथेच."

साहेबांनी केली. करतील नाही तर काय?

तळ्याकडच्या पाइपचं गंजलेलं चाक तिने स्वतः फिरवलं. दोन्ही हातांनी, दात-ओठ खात. धार बारीक झाली, थेंबावर आली, थांबली.

"आई!" ती परसाच्या भिंतीवरून ओरडली. "यापुढे इथे काळं ओतणार नाहीत!"

"बरं झालं," पलीकडून सासूबाई म्हणाल्या. "आता तोंड धू आधी. भूत दिसतेस!"