विचारलं तेवढंच

मारुतीराव धुमाळ यांनी संगणकाच्या कॅबिनेटचे झाकण तिसऱ्यांदा लावून पाहिले आणि तिसऱ्यांदाही ते लागले नाही. प्रोसेसरवर नुकताच बसवलेला कूलर, म्हणजे तांब्याच्या नळ्या व पातळ पात्यांचा तो मनोरा आणि त्याला जोडलेला पंखा, बाहेर डोकावत होता. त्यांनी मोजायला व्हर्नियर लावला. आठ मिलिमीटर. मोहने गावच्या कारखान्यात एकतीस वर्षे फिटर म्हणून काढलेल्या माणसाच्या दृष्टीने ही चूक नव्हती, बेअब्रू होती.

"बाबा, राहू दे ना उघडं," प्राची म्हणाली. तिची ॲनिमेशनची फिल्म त्याच संध्याकाळी सहाच्या आत स्पर्धेला पोचायची होती. ती पूर्ण होण्यास संगणक पाच तास अखंड चालायला हवा होता, आणि जुना पंखा बिघडल्यापासून तो दर दहा मिनिटांनी तापून बंद पडत होता. "दुरुस्तीवाला कशाला? मी आहे," असे मारुतीरावांनीच छातीठोकपणे सांगितले होते.

"उघड्या यंत्रावर काम करायचे नसते. कारखान्यात गुणाजीची दोन बोटे अशीच गेली."

"मी काय पंख्यात बोटं घालणारे?"

"गुणाजीही हेच म्हणत असे. मी येईपर्यंत बटणाला हात लावायचा नाही."

आणि पुरावा म्हणून पत्र्याचे ते झाकण काखोटीला मारून ते डोंबिवलीहून ठाण्याला, नौपाड्यातल्या दुकानाकडे निघाले. रिक्षात त्याचा कोपरा दोनदा बरगडीत रुतला. त्याने संताप उतरण्याऐवजी धारदारच झाला.

कूलर विकणाऱ्या दुकानदार कमलेशने झाकणाकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. "काय झालं काका?"

"तू म्हणालास, बसेल. बसत नाही."

"प्रोसेसरवर बसला नाही?"

"प्रोसेसरवर बसला."

"मग?"

"झाकण बसत नाही!"

"अहो, पण तुम्ही काय विचारलेलं? 'या प्रोसेसरवर हा बसेल काय?' मी बोललो, बसेल. मी उलट विचारलेलं पण, कॅबिनेट कुठलं म्हणून. तुम्ही काय बोललात?"

 काय बोललो होतो ते मारुतीरावांना लख्ख आठवत होते. अघळपघळ बोलणाऱ्यांचा त्यांना आयुष्यभर तिटकारा, त्याच तिटकाऱ्याने ते म्हणाले होते, "विचारले तेवढेच सांग." चारही स्क्रूंमधली अंतरे त्यांनी मोजली होती, प्रोसेसरचे नाव सुवाच्य अक्षरात कागदावर लिहून आणले होते. उंची तेवढी मोजली नव्हती.

"बुटका कूलर दे मग."

"देतो की. झाकण लागेल, पण तुमच्या प्रोसेसरला तो झेपणार नाही. परत तापेल, परत बंद. मोठं कॅबिनेट घ्या, सोमवारी येईल."

"सोमवारी आणून काय करू? पूजा?"

परतीच्या वाटेवर झाकण अधिकच जड झाले. दोन वाजून गेले होते. घराचे दार उघडताच पंख्याची एकसुरी घरघर कानी आली. टेबलावर कॅबिनेट पोट उघडे टाकून चालू होते. पडद्यावर आकडा होता, एकाहत्तर टक्के. प्राचीने मान वर केली नाही.

"तुला सांगितले होते..."

"बंद केलं तर पहिल्यापासून सुरू होईल, बाबा. करू बंद?"

मारुतीरावांचा हात स्विचकडे गेला, थबकला, मागे आला. बापाला कात्रीत कसे धरावे हे कार्टी नेमके आईकडून शिकली होती! दातओठ खात त्यांनी झाकण भिंतीला टेकवले, स्टूल ओढले आणि यंत्राच्या उघड्या बाजूला पाठ करून, घराकडे तोंड करून ते ठाण मांडून बसले. चहा घेऊन आलेल्या पत्नीला, मालनताईंना, त्यांनी दारातच हात दाखवून थांबवले.

"तिथेच ठेव. जवळ यायचे नाही कोणी."

"अहो, जेवला नाहीत. इथे काय बसलात?"

"झाकण बसत नाही म्हणून," मारुतीराव खेकसले.