शोकाचं प्रात्यक्षिक

गाडी शिकवणारा माणूस म्हणून त्यांना सगळे मास्तर म्हणत. बावीस वर्षं ते लोकांना गाडी शिकवत होते. छोटी पांढरी गाडी, टपावर पाटी, आणि मास्तरांच्या पायाशी त्यांचा स्वतःचा वेगळा ब्रेक. शिकणाऱ्यांनी किंचाळणं, घामाघूम होणं, समोरच्या सायकलवाल्याच्या नावानं खडे फोडणं, हे सगळं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. रडण्याची मात्र सवय नव्हती.

रडली ती साठीची एक बाई. तिचा नवरा तीन महिन्यांपूर्वी गेला होता. चाळीस वर्षं तोच गाडी चालवायचा आणि ही शेजारी बसायची. आता गाडी दारात धूळ खात उभी होती, म्हणून ती शिकायला आली. चौकाच्या जरा अलीकडे मास्तर म्हणाले, "आता तिसरा टाका," आणि बाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या. नवरा गिअर बदलताना अगदी असंच मोठ्यानं बोलायचा म्हणे. मागून बसचा भोंगा वाजत होता. मास्तरांनी आधी आरशात पाहिलं. ते म्हणाले, "रडा, रडा. पण आधी इंडिकेटर द्या."

बाईंनी शहाण्यासारखा इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली आणि अर्धा तास रडल्या. त्या अर्ध्या तासात मास्तरांनी त्यांना टायरमध्ये हवा किती ठेवावी हे समजावून सांगितलं.

घरी आल्यावर मास्तरांना स्वतःचीच लाज वाटली. जेवताना त्यांनी सगळा प्रकार बायकोला सांगितला. बायको वाचनालयात काम करायची. दुसऱ्याच दिवशी ती तिथल्या फलकावरचा एक कागद घेऊन आली. शोक-समुपदेशनाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम, दर शनिवारी आणि रविवारी. मरणाच्या दारातल्या माणसाशी, आणि तो गेल्यावर मागे राहिलेल्यांशी कसं वागावं, याचं शिक्षण.

"घ्या," ती म्हणाली. "निदान टायर तरी मध्ये येणार नाहीत."

वर्गात अकरा जण होते. मास्तर सोडून बहुतेक सगळे दवाखान्यांतून नाहीतर शाळांतून आलेले. शिकवणाऱ्या बाई इतक्या सावकाश बोलायच्या आणि वाक्यांच्या मध्ये इतका वेळ थांबायच्या, की पहिल्या तासाला मास्तरांना वाटलं, त्या पुढचं विसरल्या. त्यांनी दोनदा हळूच पुढचा शब्द सुचवला. तिसऱ्या वेळी बाई म्हणाल्या, "मी थांबले होते, अडले नव्हते." मास्तरांनी ते वहीत लिहून घेतलं.

काय बोलू नये, यावर एक संपूर्ण तास झाला. 'धीर धरा' म्हणू नये. 'सुटले बिचारे' म्हणू नये. 'वेळ हेच औषध' तर मुळीच नाही. आपल्या काकांचं दुखणं मध्ये आणू नये. बाईंनी फळ्यावर अशी चौदा वाक्यं लिहिली. मास्तर उतरवून घेत होते आणि त्यांचे कान गरम होत होते. आजवर ज्या ज्या घरी ते भेटायला गेले होते, तिथे या चौदा वाक्यांपलीकडे ते एक अक्षरही बोलले नव्हते.

मग नाटुकली सुरू झाली. दवाखान्यातल्या एका सिस्टरांनी वडील गेलेल्या मुलीचं सोंग घ्यायचं आणि मास्तरांनी समुपदेशक व्हायचं. सिस्टर म्हणाल्या, "घरात गेलं की त्यांची खुर्ची दिसते." मास्तर पुढच्या चार मिनिटांत तिला मृत्यूचा दाखला कुठे मिळतो, त्याच्या किती प्रती काढाव्यात, त्या कचेरीपाशी गाडी कुठल्या गल्लीत लावावी इथपर्यंत घेऊन गेले.

बाईंनी विचारलं, "तुम्ही हिला कुठे नेलंत?"

"कचेरीत."

"आणि हिला कुठे जायचं होतं?"

मास्तरांनी सिस्टरांकडे पाहिलं. "बोलल्याच नाहीत त्या."

"तुम्ही बोलू दिलंत कुठे?" सिस्टर म्हणाल्या, आणि सगळा वर्ग हसला.

मास्तर हार मानणारे नव्हते. त्यांनी घरी सराव सुरू केला. समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत त्याला परत सांगायचं, म्हणजे त्याला कळतं की आपलं ऐकलं जातंय, असं पुस्तकात होतं.

"दूध संपलंय," बायको म्हणाली.

"दूध संपलंय असं तुला वाटतंय."

"वाटत नाहीये. संपलंय. पातेलं बघा."

"पातेलं पाहून तुला रिकामं रिकामं वाटलं."

"अहो, आता तुम्ही दूध आणायला जाताय की मी तुम्हाला पातेलं फेकून मारू?"

हे सगळं पलीकडच्या खोलीत सासूबाई ऐकत होत्या. त्या एक्क्याऐंशी वर्षांच्या होत्या, आणि चार वर्षांपासून लेक-जावयाकडेच राहायच्या. उमेदीची तीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. वसंतात त्यांच्या हृदयाची तपासणी झाली, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, वर्ष, फार तर दीड वर्ष. सोबत लेक होती. त्या दिवसापासून घरात हा विषय बंद. सासूबाईंनी 'मी गेल्यावर' एवढे दोन शब्द उच्चारले की लेक उठून खिडक्या पुसायला लागायची. त्या वर्षी त्यांच्या खिडक्या आरशासारख्या लखलखत होत्या.

पाचव्या महिन्यात प्रात्यक्षिक आलं. खऱ्या माणसाशी मृत्यूविषयी वीस मिनिटं बोलायचं, त्याच्या संमतीनं ते रेकॉर्ड करायचं आणि बाईंना ऐकवायचं. मास्तरांनी शेजाऱ्यांना विचारलं. शेजारी तेव्हापासून जिन्यात त्यांना पाहिलं की चपला विसरल्यासारखं करून परत घरात जायला लागले. थोरल्या भावाला विचारलं, तर तो म्हणाला, "तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

मंगळवारी दुपारी मास्तर जेवणाच्या टेबलाशी हनुवटीला हात लावून बसले होते. सासूबाई काठी टेकत आल्या.

"जावईबापू, मरणारं माणूस हवंय ना तुम्हाला? मी आहे की."

"अहो आई, असं काय बोलता?"

"हेच शिकवलं का तुम्हाला सहा महिने?"

मास्तर ओशाळले. "पाचच झालेत," ते म्हणाले आणि फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला.

सासूबाई तयारीनिशी आल्या होत्या. त्यांच्या हातात कागद होता.

"पहिलं म्हणजे फोटो. पुतण्याच्या लग्नातला लावायचा नाही. त्यात मी शिंकतेय. दुसरं, मला नळ्या लावून ठेवायचं नाही. डॉक्टरांना मी तसं लिहून दिलंय. तुम्हाला दोघांना माहीत नाही, म्हणून सांगते. तिसरं, माझ्या धाकट्या जावेला भाषण करू द्यायचं नाही. ती दुसऱ्याच्या कार्यात स्वतःच्या गुडघ्यांविषयी बोलते."

मास्तरांनी वही चाळली. "आई, तुम्हाला... भीती वाटते का?"

"भीती? कंटाळा येतो मला. गेल्या वसंतापासून या घरात माझ्याशी फक्त हवेविषयी बोलतात. आज ऊन आहे, आज वारा आहे. मला काय शेतात जायचंय?"

मास्तरांना हसू आलं. मग आठवलं की रेकॉर्डिंग चालू आहे, म्हणून त्यांनी खोकल्यासारखं केलं.

"थोडी वाटते," सासूबाई जरा वेळानं म्हणाल्या. "रात्री नाही वाटत. सकाळी वाटते, उठल्यावर. आज काय काय करायचंय ते आठवतं ना, तेव्हा."

आता इथे काय म्हणायचं ते मास्तरांना पुस्तकातून आठवेना, म्हणून ते वहीची पानं उलटायला लागले. तेवढ्यात दार उघडलं. वाचनालयातली वीज गेली म्हणून बायको लवकर घरी आली होती. आणि नेमक्या त्याच क्षणी सासूबाई म्हणाल्या, "मी गेल्यावर हिला फार एकटं सोडू नका, आणि सारखं सारखं विचारूही नका."

पिशवी दारातच पडली.

"काय चाललंय हे? आई अजून जिवंत आहे!"

"तेच तर," सासूबाई म्हणाल्या. "नंतर कशी सांगणार?"

"आणि तुम्ही! परीक्षेसाठी माझ्या आईला...!" ती खुर्चीवर बसली आणि टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली.

मास्तर ताडकन उठले. त्यांनी पाणी आणलं. पंखा लावला. पंख्यानं सासूबाईंचा कागद उडाला म्हणून बंद केला. मग म्हणाले, "हे बघ, आपण दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेऊ. माझा एक विद्यार्थी मोठ्या दवाखान्यात..."

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "बसा."

मास्तर बसले.

सासूबाईंनी आपला हात लेकीच्या पाठीवर ठेवला आणि काहीही बोलल्या नाहीत. घड्याळ वाजत होतं. खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं, आणि मास्तरांच्या कानांना ती चुकीची वळतेय हे कळत होतं. त्यांच्या जिभेवर एकामागून एक वाक्यं आली, चौदाच्या चौदा आणि वर आणखी काही. प्रत्येक वेळी सासूबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. एक्स्चेंजमध्ये मधेच बोलणाऱ्या सोबतिणीला त्या असंच गप्प करत असतील.

बऱ्याच वेळानं बायको डोकं न उचलता बोलली. "मी रोज सकाळी तुझ्या दारात येऊन उभी राहते. श्वास चालू आहे का बघते. मग चहा ठेवते."

"माहीत आहे."

"कसं माहीत?"

"अगं, पावलं ऐकू येतात मला. तुझा जीव भांड्यात पडावा म्हणून मी मुद्दाम घोरते."

बायकोनं डोकं वर केलं. "ते खोटं असतं?"

"पहिली दोन मिनिटं खोटं. मग तू गेलीस की पुन्हा झोप लागते, ते खरं."

बायको आधी हसली की आधी रडली, हे रेकॉर्डिंगवरूनही नीट कळत नाही. मग तिनं विचारलं, "फार दुखेल का गं तुला?" आणि सासूबाई म्हणाल्या, "ते मलाही विचारायचं होतं डॉक्टरांना. तू बरोबर होतीस म्हणून नाही विचारलं." मायलेकी बोलत राहिल्या. मास्तर चहा करायला उठले, आणि या वेळी त्यांना कोणी बसवलं नाही.

शनिवारी वर्गात बाईंनी कानाला हेडफोन लावून पूर्ण रेकॉर्डिंग ऐकलं. मधली नऊ मिनिटांची शांतताही त्यांनी पुढे ढकलली नाही. मास्तरांचं सगळं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे होतं.

"उत्तम," बाई शेवटी म्हणाल्या. "पण यात समुपदेशक कोण आहे?"

मास्तरांनी मान खाली घातली. "सासूबाई."

"मग प्रमाणपत्र त्यांना द्यावं लागेल. तुमचं प्रात्यक्षिक पुन्हा."

मास्तरांनी घरी येऊन हे सांगितलं तर सासूबाईंची स्वारी खूश. "मला किती गुण दिले?" त्यांनी विचारलं. गुण दिलेले नाहीत हे कळल्यावर त्यांनी बाईंना फोन लावला आणि पाऊण तास बोलल्या. पुढच्या रविवारी बाई चहाला आल्या. सासूबाईंनी त्यांना घरातली सगळ्यात मऊ खुर्ची दिली आणि सुचवलं, की वर्गात शिंकेच्या फोटोचाही धडा ठेवा, लोक मागे राहिलेल्यांना फार बेसावध सोडून जातात. बाईंनी ते लिहून घेतलं.

मास्तर दुसऱ्या प्रयत्नात पास झाले. काठावरच, पण झाले. वीस मिनिटांत फक्त एकदा त्यांनी सल्ला दिला, तोही समोरच्यानं खिडकी लावू का म्हणून विचारलं तेव्हा.

डॉक्टरांचं दीड वर्ष उलटलं तरी सासूबाई ठणठणीत होत्या. डॉक्टर त्यांना भेटले की जरा खजील व्हायचे. घरात आता खिडक्यांवर धूळ बसायला लागली होती, कारण बायको आईशी बोलत बसायची. काय वाटेल ते बोलायच्या दोघी. कधी मरणाविषयी, बहुतेक वेळा धाकट्या जावेविषयी. मग त्या हिवाळ्यात एके दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला, खुर्चीत बसल्या बसल्या, लेकीला "रेडिओ जरा हळू कर" असं सांगून सासूबाई गेल्या. नळ्या कोणी लावल्या नाहीत.

आठवड्यानंतर पाहुणे पांगले. दुपारी मास्तर आणि बायको मागच्या पायरीवर उन्हात बसले होते.

"बोलत का नाही?" बायको म्हणाली.

"ऐकतोय."

"मी कुठे काही बोलतेय?"

"घाई नाही."

तिनं त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग गुडघ्यांना मिठी घालून तिनं सांगायला सुरुवात केली. ती सात वर्षांची असताना आई तिला एकदा एक्स्चेंजमध्ये घेऊन गेली होती. कोणीतरी मोठा साहेब फोनवर दुसऱ्या टोकाच्या बाईवर ओरडत होता. आईनं शांतपणे वायर उपसली, "लाइन खराब आहे" म्हणून सांगितलं, आणि लेकीला लिमलेटची एक गोळी दिली. साहेबानं पुन्हा फोन लावला. आईनं पुन्हा वायर उपसली, पुन्हा एक गोळी.

इतक्यात पुढच्या दाराची घंटा वाजली. चारचा विद्यार्थी आला होता. मास्तर उठून गेले, त्याला म्हणाले, "आज नाही जमणार, उद्या या," आणि परत आले.

बायको रागावली होती. "कुठे गेलात मधेच? पुढचं ऐकायचंय की नाही?"

"ऐकायचंय."

"पाच गोळ्या खाल्ल्या मी त्या दिवशी," ती म्हणाली, डोळे पुसले, आणि ती गोष्ट तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगितली.