मिठावर नेशील तर याद राख

मी बोलतेय. इकडेतिकडे काय बघतोस, कर्टिस? मीच, तुझ्या गॅरेजातली नारिंगी म्हातारी. आठ सिलिंडरचं इंजिन, दोन दारं, आणि मागच्या सीटवर माणूस बसवायचा तर आधी त्याचे पाय घरी ठेवून यायचे. मला विकत घेतलंस म्हणून मी तुझी झाले असं समजू नकोस. तू मला आवडत नाहीस. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर रुसवेफुगवे नकोत.

जन्म माझा इथलाच, डेट्रॉइटचा, एकोणसत्तर सालचा. कंपनीचं नाव बोनेटवर आहे, तिथे वाच. त्या काळी पोरांना दोनच गोष्टी हव्या असायच्या. लाल दिव्यापाशी शेजारच्या गाडीला खुन्नस द्यायची आणि हिरवा पडला की टायर जाळत सुटायचं. त्यासाठीच आम्हाला घडवलं. थांबायचं कसं, याचा विचार कोणी फारसा केलेला नाही. तेव्हा पहिला धडा घे. ब्रेक दाबलास की मी लगेच थांबत नाही. आधी विचार करते.

माझा पहिला धनी रोमन ग्रुशका. पोलिश घरातला, हात सोलवटलेले, तोंड बंद. कारखान्यात आमचीच दारं बसवायचा. पगार साठवून आमच्यातलीच एक घेऊन तो घरी आला, तर बायको बर्निस दारात उभी.

"पाळणा आणायला गेला होतास ना?"

रोमन म्हणाला, "डिकी मोठी आहे हिची."

त्या दिवसापासून बर्निसने माझ्याशी उभा दावा मांडला. मीही मागे हटले नाही. ती नवा कोट घालून बसली की मी नेमका धूर आत सोडायचे.

रोमनने मात्र मला जपलं. एप्रिल आला की बाहेर, आणि थंडीत पहिला मिठाचा ट्रक दिसला की गॅरेजात, ती थेट पुढच्या एप्रिलपर्यंत. इथे बर्फ वितळवायला, कधी तो पडायच्या आधीच, रस्त्यावर मीठ फेकतात. या शहराच्या पोटातच मिठाची खाण, मग हात आखडून कोण फेकेल? ते मीठ पोटाखाली चिकटलं की पत्रा कुरतडत सुटतं. माझ्या बरोबरीच्या बहुतेक जणी अशाच गेल्या. वरून नटलेल्या, खालून भोकं पडलेल्या.

एवढा जपणारा माणूस, पण बर्निसला त्याने एकदाही मला चालवू दिलं नाही. ती आपली बाजूला बसून त्याच्या पायांकडे बघत राहायची.

आणि पेट्रोल पंपावरची ती माणसं. खिशात हात घालून जवळ येणार, उसासा टाकणार आणि म्हणणार, "माझ्याकडे अगदी अश्शीच होती हो. विकायला नको होती." खोटारडे मेले. जेवढ्यांनी हे सांगितलं तेवढ्या आम्ही जन्मालाच आलो नव्हतो.

रोमन गेला. बर्निसने मला विकलं, समोरच्या घरात नव्याने राहायला आलेल्या तुला. तू ॲरिझोनाच्या वाळवंटातला, गरम पाण्याचे टब विकणारा. आल्यापासून मला पुसतोस जास्त, चालवतोस कमी. पुसून इंजिन गरम होत नसतं, राजा.

आता आजचंच बघ. थँक्सगिव्हिंगची टर्की खायला मेव्हण्याकडे जायचं, तर म्हणे मला घेऊन. मेव्हण्याने नवी गाडी घेतली, तिच्यापेक्षा मोठा आवाज तुला करायचा होता. हँडब्रेक सोडून मला गॅरेजासमोरच्या उतारावरून खाली आणलंस आणि नाक रस्त्याला टेकायच्या आत थांबवलंस, फोटो काढायला. तेवढ्यात बर्निस खसखशीचा केक घेऊन आली.

"हिला घेऊन कुठे निघालास?"

"मेव्हण्याकडे, बाई. तोंड बघण्यासारखं होईल त्याचं."

"रस्त्यावर मीठ आहे."

"बर्फ कुठाय? रस्ता तर कोरडा ठणठणीत."

"पांढरा दिसतोय ना? मग ते काय दळण सांडलंय?"

"आल्यावर धुईन की."

"हं," बर्निस म्हणाली. या 'हं' नंतर रोमनला दोन दिवस गार जेवण मिळायचं.

तू आत बसलास. ॲक्सिलरेटरचं पेडल दोनदा दाबायचं आणि किल्ली फिरवायची, एवढंच असतं. तू दाबत सुटलास. माझ्या घशाशी पेट्रोल तुंबलं. तरी मला सुरू होता आलं असतं. नाही झाले.

"बाई, तुम्ही इतकी वर्षं बघितलंय. अशी अडली की रोमन काय करायचे?"

माझे पिस्टन गार पडले. बर्निसला ठाऊक होतं. पेडल तळापर्यंत दाबून तसंच धरायचं आणि किल्ली फिरवायची, बास. तिने एवढं सांगितलं असतं तर मी तासाभरात मिठाने माखून हायवेवर असते. आणि माझं वाटोळं व्हावं असं या जगात कोणाला वाटत असेल, तर तिलाच.

बर्निस म्हणाली, "पंप करायचा तो. लाथा घातल्यासारखा. घाल, घाल. अजून."

तू घातल्यास. मी आणखीच तुंबले, पेट्रोलचा वास गल्लीभर. व्हॅनमधून तुझी बायको जोलीन ओरडली, "तू तिच्यातच बस, कर्टिस. मी पुढे जाते. तुझ्या वाटणीचं हाड आणीन."

मग किल्ली सीटवर फेकून तू व्हॅनमध्ये चढलास. आवाज मोठा केलास तो फक्त दार आपटताना.

बर्निस गेली नाही. पेट्रोल उडून जाईपर्यंत उभी राहिली, मग माझ्यात बसली, स्टिअरिंगच्या मागे, जन्मात पहिल्यांदा. पेडल दाबून धरलं, किल्ली फिरवली आणि मी उठले. माझी इच्छा कोणी विचारली नाही.

कोपऱ्यावरून मिठाचा ट्रक वळला. दाणे उडवत, सावकाश आमच्याच दिशेने. बर्निसने क्लच दाबला आणि पहिला गिअर टाकला. पुढचाच, मागचा नाही. समोर पांढरा रस्ता. बायका असल्या हिशेबाला पन्नास वर्षं थांबतात, हे मला माहीत होतं. मी थरथरले. इंजिन गार असलं की थरथरतेच मी, पण हे तसं नव्हतं.

ट्रक दोन घरांवर आला. बर्निस खो खो हसली.

"भ्यालीस ना, सटवे?"

आणि तिने रिव्हर्स टाकला.

गॅरेजात घेताना आरसा दाराच्या चौकटीला घासला. चुकून की मुद्दाम, ते मी विचारलं नाही. आता दिवा लावशील, ओरखडा बघशील आणि बोंबलशील. बोंबल. एप्रिलपर्यंत मला हात लावायचा नाही. एप्रिलमध्ये समोर बर्निसच्या घरी जा आणि ही कशी सुरू करायची ते नीट विचार. ती म्हणेल, मी चालवते. तर किल्ली तिच्या हातात दे आणि गुमान बाजूला बस.