चौथी आठवण

मानसशास्त्राच्या प्रबंधासाठी ताईला माणसं हवी होती, आणि घरातलं माणूस फुकट मिळतं म्हणून तिने आधी धाकट्या बहिणीलाच पकडलं. कागदावर लहानपणच्या चार आठवणी होत्या. तीन बाबांनी सांगितलेल्या, खऱ्या. चौथी ताईने बनवलेली, खोटी आठवण मनात रुजते का ते बघायला: पाच वर्षांची असताना तू बसस्थानकावर हरवली होतीस. असं काही घडलं नाही, हे बाबांकडून तिने सहीनिशी लिहूनही घेतलं होतं.

"छे, मला नाही आठवत," पहिल्या रविवारी धाकटी म्हणाली.

"घाई नाही. आठवून बघ," ताई म्हणाली.

पुढच्या रविवारी धाकटीला सिमेंटचा बाक आठवला, डिझेलचा वास आठवला. ताई खूश. प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांनीही पाठ थोपटली.

तिसऱ्या रविवारी धाकटी आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. "ताई, बाबा तिथेच होते. खांबाआड. मी रडत होते आणि ते नुसते बघत होते."

ताईने आपला कागद पुन्हा वाचून पाहिला. खांब तिने लिहिलाच नव्हता.

"अगं वेडे, सगळं मी रचलंय," म्हणत तिने बाबांच्या सहीचा कागद पुढे केला.

"सही काय, ते करणारच," धाकटी शांतपणे म्हणाली. "आणि तू कायम त्यांचीच बाजू घेतेस."

आठवण दर वेळी नव्याने घडवली जाते, हे ताईने प्रबंधात चांगलं पानभर लिहिलं होतं. त्या पानाचा आता काडीचाही उपयोग नव्हता. धाकटी मैत्रिणीकडे राहायला गेली. बाबांचा फोन उचलेना. आई गेल्यापासून या मुलीवर जीव टाकणारा माणूस. तो जेवणावरून उठून जायला लागला.

सुरुवातीला ताईने बाबांना सगळं सांगितलं तेव्हा ते हसले होते. "मी? हिला सोडीन?" आठवड्याने त्यांनी विचारलं, खांब कुठला म्हणे? ताईने लक्ष दिलं नाही, आणि तिथेच ती चुकली.

दोन महिने झाले. एका सकाळी मटार सोलता सोलता बाबा म्हणाले, "मी फार वैतागलो होतो गं त्या दिवशी. ती रडायची थांबेना. क्षणभर वाटलं, राहू दे इथेच."

"बाबा, असं काही झालंच नाही. मी बनवलंय ते."

"तू कुठे होतीस तिथे?" ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "तुला काय माहीत?"

त्यांनी फोन लावला. या वेळी तो उचलला गेला.

"बाळा, तुझं खरं होतं," बाबा म्हणाले आणि रडायला लागले.

फोन काढून घ्यायला ताई पुढे झाली. पण पलीकडून दोन महिन्यांनी पहिल्यांदा धाकटी "बाबा" म्हणाली होती, आणि ताईचा हात पुढे जाईना.